तेलाला हात न लावणारा मिस्त्री

शोभाचा पाय मोटारीच्या तळातून थेट रस्त्यावर आला, तेव्हा तिसगावच्या वेशीपाशी बसलेल्या माणसांत एकच माणूस हसला नाही. बाकीचे पोट धरधरून हसले. आणि हसतील नाही तर काय करतील बिचारे? पुढे दोन बैल, मागे दोराने बांधलेली कापडी टपाची जुनी मोटार, आत स्टेरिंग धरून बसलेली पांढऱ्या पातळातली नर्स... आणि मोटारीच्या पोटाखाली एक पाय. तोही बिनचपलेचा!

"अरे थांबव! थांबव म्हणते ना!" शोभा बैलवाल्यावर ओरडली.

बैल थांबले. जो माणूस हसला नव्हता तो उठला, दहा पावलं मागे गेला, रस्त्यातली चप्पल उचलून घेऊन आला. खाकी अर्धी चड्डी, खाकी सदरा, हातावर कोपरापर्यंत काळपट डाग. पंचविशी-सव्विशीचा असेल.

"ही तुमची का?"

"नाही, बैलाची," शोभा चिडून म्हणाली.

"बैलाच्या मानानं लई नाजूक हाय," तो म्हणाला, आणि चप्पल खाली ठेवून उकिडवा बसून मोटारीखाली बघू लागला. शोभाच्या पायाकडे मात्र त्याने बघितलं नाही. तिच्या ते लक्षात आलं. असल्या गोष्टी बायकांच्या बरोबर लक्षात येतात.

"मी नुसता ब्रेक दाबला," ती म्हणाली. "दाबला आणि..."

"आन तळ गेला. बाई, ही मोटार न्हाई. हा गंज हाय, त्याला मोटारीचा आकार दिलाय."

असा हा कानिफनाथ मिस्त्री. जवळच्या मढी गावचा. पाच वर्षं पलटणीच्या वर्कशॉपमध्ये मोटारी दुरुस्त करून, ब्रह्मदेशातून मागच्या पावसाळ्यात परत आलेला. तिसगावच्या रस्त्यावर चार पत्रे उभे करून त्याने कारखाना घातला होता, आणि आसपासच्या मुलखात दुसरा मिस्त्री नव्हता.

मोटार शोभाच्या वडिलांची. मिरजगावचे रंगनाथ आडते मोठे हौशी. त्यांनी लेकीला पंधराव्या वर्षी खळ्याभोवती मोटार चालवायला शिकवली होती. पुढे लढाई आली, पेट्रोलला रेशन आलं, मोटार गोठ्यात गेली आणि सहा वर्षं गाईम्हशींच्या ओलीत उभी राहिली. त्यातच वडील गेले. शोभा नगरच्या मिशनच्या दवाखान्यात सुइणीचं काम शिकली आणि सत्तेचाळीस सालच्या जानेवारीत लोकल बोर्डाने तिला तिसगावला नेमलं. पण कच्चं! वस्त्या लांब लांब, बाळंतपणं अडलेली, बैलगाडीने जाईपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. म्हणून बोर्डाने अट घातली. अठरा मार्चला साहेब तपासणीला येतील. त्या दिवशी बाईंकडे स्वतःचं चालतं वाहन असेल तर जागा कायम, नाही तर जागाच बंद. आणि जागा बंद झाली तर थोरला भाऊ पुंजाराम तिला मिरजगावला परत नेणार होता. तिथे एक स्थळ वाट बघत होतं. बिजवर, दोन पोरं, वाडा मोठा.

"होईल ना हो?" तिने विचारलं. आवाजातली भीती तिला लपवता आली नाही.

कानिफने मडगार्डावर पेचकस टकटक वाजवला. एके ठिकाणी तो खण् वाजला, दुसऱ्या ठिकाणी थप्, आणि तिसऱ्या ठिकाणी आरपार गेला.

"होळीच्या आत देतो," तो म्हणाला. "पर एक सांगतो. वरनं रंग फासून देणारा मी न्हाई. गंज झाकून ठिवला की आतनं खात ऱ्हातो. खरवडावा लागंल, जिथं लागंल तिथं कापावा लागंल."

"कापा," शोभा म्हणाली. "मी दवाखान्यातली आहे. मला भीती नाही वाटत."

त्या दिवसापासून दवाखाना बंद झाला की शोभाची पावलं आपोआप कारखान्याकडे वळू लागली. मोटार माझी, कामावर नजर नको का ठेवायला, असं ती स्वतःला सांगायची. छान सबब होती! कानिफ सडलेला पत्रा कापायचा, पलटणीच्या जुन्या पिंपाचा जाड पत्रा ठोकून ठोकून त्या मापाचा करायचा, रिबिटा मारायचा. तळ झाला, पायदान झालं, डाव्या बाजूचा दरवाजा झाला. शोभा उलट्या डब्यावर बसून काचकागदाने मडगार्ड घासायची. गंजाची लाल भुकटी पांढऱ्या पातळावर उडायची.

"नर्सबाई, पातळ खराब होतंय."

"होऊ दे. तुम्ही का बघताय पातळाकडे?"

"पातळाकडं कोन बघतंय?" असं म्हणून तो जो मोटारीखाली शिरला, तो अर्धा तास बाहेर आला नाही. शोभा घासत राहिली. एकच जागा! तिथला पत्रा आरशासारखा झाला तरी तिला पत्ता नव्हता.

मग अडलं ते पाण्याच्या पंपावर. आतून पार सडला होता. नगरला पलटणीचं भंगार विकायला निघालं होतं, तिथे कानिफ दोनदा जाऊन आला, पण तिथे सगळे ट्रकांचे पंप. शेवटी कळलं, राहुरीला श्रीमंतराव नावाच्या बागाईतदाराकडे याच बनावटीची मोटार पडून आहे. एका माणसासोबत एकट्या नर्सबाईने राहुरीपर्यंत जायचं कसं? मग कानिफची आई रंगुबाई सोबत निघाली. ही बाई सर्व्हिस मोटारीत शोभाशेजारी बसली आणि करंजीचा घाट उतरेपर्यंत तिने शोभाचं आडनाव, कूळ, आईचं माहेर, मामाचं गाव, सगळं विचारून घेतलं. नगर यायच्या आत कुणाची तरी आत्या कुणाची तरी जाऊ निघाली. पुढच्या बाकावर बसलेल्या कानिफचे कान लालेलाल झाले होते, हे शोभाने मागून पाहिलं.

राहुरीची मोटार चिंचेखाली उभी होती. कानिफने बॉनेट उचललं आणि तसंच हळूच परत टेकवलं.

"काय झालं?" शोभाने विचारलं.

"कोंबडी बसलीय. इंजनावर. अंड्यावर."

श्रीमंतराव हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, पंप खुशाल न्या. पर खुडूक कोंबडी हाय, उठवली तर परत बसायची न्हाई. पिल्लं निघाल्यावर या. पंधरा-वीस दिसांनी."

पंधरा-वीस दिवस! शोभाने पदर खोचला. एक पाटी मागितली, तिच्यात भुसा पसरला. मग बॉनेट उघडून आत वाकली आणि कोंबडीशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिली. थोड्या वेळाने तिने एक हात कोंबडीच्या पोटाखाली घातला, दुसऱ्याने अंडी एकेक करून पाटीत ठेवली आणि वर कोंबडी अल्लद आणून बसवली. कोंबडीने एकदा मान वाकडी करून बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"बाळंतिणी हलवायच्या म्हणजे माझं रोजचंच काम," शोभा हात झटकत म्हणाली.

कानिफ तिच्याकडे बघतच राहिला. या खेपेला त्याने नजर वळवली नाही. रंगुबाईने ते पाहिलं आणि मुद्दाम चिंचा वेचायला लागली.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. पंप बसला, रेडिएटरला डाग देऊन झाला, पलटणीतला उरलेला हिरवा रंग लागला. आणि फाल्गुनाच्या तोंडावर एके दिवशी शोभा गेली, तर कानिफ हात धुऊन, स्वच्छ कपडे घालून, मोटारीपासून चार हात लांब खोक्यावर बसलेला.

"झाली मोटार?"

"झाली म्हंजी... झालीच. आता निस्तं तेल घालायचं. इंजनात, गियरात. चाकांना चरबी भरायची. मग चालू."

"मग घाला ना!"

"मला तेलाला हात लावता येत न्हाई," कानिफ खाली बघत म्हणाला. "पाडव्यापतुर."

शोभाला वाटलं, थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. मढीला यात्रेआधी कानिफनाथांच्या समाधीला तेल लागलं की साऱ्या गावाचं व्रत सुरू होतं. घरात तळण नाही, बाजेवर निजणं नाही, शुभकार्य नाही, थेट पाडव्याला यात्रा होईस्तोवर. ते गावाचं. रंगुबाईचं त्याहून कडक. पोरगा लढाईवर असताना तिने नाथांना बोलून ठेवलं होतं, हा सुखरूप आला तर पहिल्या वर्षीच्या व्रतात कसल्याही तेलाला बोट लावणार नाही. घाण्यातलं असो की जमिनीतलं.

"अहो, पण तुम्ही मिस्त्री आहात! तेलाशिवाय मिस्त्री असतो का कुठं? आणि होळीच्या आत देतो म्हणालात, तेव्हा नाही आठवलं?"

"पाच वर्सं बाहेर हुतो. समाधीला तेल कवा लागतं, ध्यानातच न्हाई ऱ्हायलं. चूक माझीच हाय."

"मग एक दिवस मोडा नेम! माझी नोकरी जाईल, कानिफराव. अठरा तारीख आहे, पाडवा त्याच्या नंतर आहे!"

त्याने मढीच्या डोंगराकडे बघितलं. मग म्हणाला, "आमच्या वर्कशापावर बाँब पडला, तवा आत सात जन हुते. मी त्याच घटकेला पाणी आनाया भाईर गेल्तो. आई म्हनती, नाथांनी तुला तहान लावली. मला ठावं न्हाई. पर तिनं पाच वर्सं रोज त्या डोंगराकडं बघून दिवा लावलाय. तिच्या म्होरं मी तेलाचे हात घेऊन कसा जाऊ?"

शोभाचा राग निम्मा तिथेच गेला. उरलेल्या निम्म्याचं काय करावं ते तिला कळेना. ती मोटारीभोवती दोन फेऱ्या मारून आली, मग तिने बाह्या सारल्या.

"मी मढीची नाही," ती म्हणाली. "मला कसलाच नेम नाही. तुम्ही सांगा, मी करते."

आणि मग तिसगावकरांना फुकटची करमणूक झाली. खोक्यावर स्वच्छ कपड्यात मिस्त्री, आणि मोटारीखाली नर्सबाई! "डावीकडचा नट... न्हाई, तुमचा डावा... आता फिरवा... हळू!" त्या दिवसांत शोभाने इंजिनात तेल घातलं, चाकं काढून चरबी भरली, प्लग काढून पुसले, कार्बुरेटर सुटा करून पुन्हा जोडला. कपाळावर काळे फराटे, नाकाच्या शेंड्यावर चरबी. एकदा पाना निसटला आणि तिच्या बोटातून भळभळ रक्त आलं. कानिफ ताडकन उठला, धावला आणि तिच्यापासून एका हातावर येऊन थांबला. तिचा हात मनगटापर्यंत तेलात माखला होता.

त्याने डोक्याचा रुमाल टर्रकन फाडला आणि चिंधी पायदानावर ठेवली.

"घट्ट बांधा. दातांनी धरा एक टोक. लई दुखतंय का?"

"दुखत नाही," शोभा म्हणाली. दुखत होतं. पण तो एवढा जवळ उभा होता, की कापलेल्या बोटाकडे लक्ष द्यायला तिला सवड नव्हती.

त्या दिवसापासून शोभाला पक्कं ठाऊक झालं, की हा माणूस आपल्याला हवा आहे. मोटार दुरुस्त करायला नव्हे. जन्मभर. तिने आडून आडून सुचवलंही. तो नुसता हसायचा, मान खाली घालायचा, प्लगविषयी बोलायचा. प्लगविषयी!

अठरा तारीख उजाडली. बोर्डाचे साहेब आले, गोल चष्मा, हातात वही. "चला बाई, चार मैलांवरची एखादी वस्ती दाखवा," म्हणाले. कानिफ मागच्या बाकावर बसला. शोभाने हँडल मारलं, मोटार एका दमात सुरू झाली आणि वेशीपासची माणसं आज उभी राहिली. दोन मैल झोकात गेले. तिसऱ्या मैलावर मोटारीने दोन आचके दिले आणि माळावर मधोमध ती गप्प झाली.

"वाटलंच होतं," साहेब वही उघडत म्हणाले. "मिस्त्री, बघा तुम्ही."

"साहेब, माझा नेम हाय," कानिफ म्हणाला. "आन माझी गरज बी न्हाई."

एवढं बोलून तो खाली उतरला आणि मोटारीकडे पाठ करून, दूर डोंगराकडे बघत उभा राहिला. शोभा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. क्षणभरच. मग ती विचार करायला लागली. आचके दिले, म्हणजे पेट्रोल अडलं. पेट्रोल कशाने अडेल? टाकी जुनी, टाकीतला बारीक गंज खाली उतरला असणार. तिने पेट्रोलची तोटी बंद केली, खालची काचेची वाटी फिरवून काढली. तळाशी लाल गाळ! तो फेकला, नळीत तोंडाने जोरात फुंकर मारली, पेट्रोलची चव थुंकून टाकली, वाटी बसवली, तोटी सोडली. हँडल एकदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा मोटार धडधडायला लागली.

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, तुमची बदली मात्र मी कुठे होऊ देणार नाही," ते म्हणाले आणि तिथेच वहीत लिहिलं, जागा कायम.

कानिफ वळला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

साहेबांना सोडून दोघं कारखान्यापाशी आले. आता बोलेल, शोभाला वाटलं. आता तरी!

"लई बेस झालं," कानिफ म्हणाला.

"इतकंच?"

"...टाकी एकदा आतनं धुवाया पायजे."

"पुंजारामदादा पाडव्याला येतोय," शोभा एका दमात म्हणाली. "नोकरी टिकली तरी ते स्थळ तो सोडणार नाही. माझ्या मनात दुसरं कुणी असेल तर पाडव्याला सांग, म्हणतोय. त्याला काय सांगू मी, कानिफराव?"

कानिफच्या ओठांवर काहीतरी आलं. तिने ते स्पष्ट पाहिलं! पण त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "पाडवा होऊ द्या."

"होऊ द्या!" शोभा रडकुंडीला येऊन तरातरा निघाली. कोपऱ्यावर रंगुबाई भाकरी घेऊन येत होती. तिने शोभाचा चेहरा पाहिला आणि सगळं ओळखलं.

"पोरी, त्याच्यावर रागावू नगंस," ती म्हणाली. "या दिसांत आमी तसल्या कार्याचा शब्द तोंडातनं काढीत न्हाई. त्यानं नाथाला शब्द दिलाय. राहुरीस्नं आल्यापास्नं रात न्हाई का दीस न्हाई, निस्ता तळमळतोय. आता माझ्या तोंडातनं बी जास्त वदवू नगंस."

शोभा उभीच राहिली. मग तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू घेऊन ती तशीच माघारी वळली. कानिफ खोक्यावर डोकं धरून बसला होता.

"कानिफराव, तुम्ही मढीचे. तुम्हाला बोलायचं नाही ना? नका बोलू. मी मिरजगावची आहे. तेल मीच घातलं, हेही मीच बोलते." तिने पदर खोचला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्ही माझी चप्पल आणून दिलीत ना, तेव्हापासून. ऐकलंत? आता उत्तर देऊ नका. पाडव्याला द्या."

कानिफने तोंडावर दोन्ही हात घट्ट धरले. हाताच्या वर मात्र त्याचे डोळे इतके हसत होते, की शोभाला तिथे उभं राहवेना. ती पळाली.

पाडव्याच्या दिवशी घरोघर गुढ्या उभ्या राहत होत्या. शोभा पहाटेच मोटारीखाली होती. पुंजारामदादा यायचा होता, जिवाला चैन नव्हतं, म्हणून ती इंजिनाचं तेल बदलत बसली होती. मढीच्या वाटेने सायकल आली. कपाळाला नाथांचा अंगारा, अंगात कोरा सदरा. कानिफ सायकलवरून उतरला, तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला. पहिल्या दिवशी बसला होता तसाच.

"नर्सबाई, उत्तर आनलंय."

शोभा मोटारीखालून सरकत बाहेर आली. त्याने हात पुढे केला. तिने आपला पटकन पाठीमागे नेला.

"थांबा... हात तेलकट आहेत माझे. तुमचा सदरा कोरा आहे."

"आजपास्नं चालतंय," कानिफ म्हणाला, आणि त्याने तिचे दोन्ही हात मनगटापर्यंतच्या तेलासकट घट्ट धरले.

पुंजारामदादा आला तेव्हा त्याला काही सांगावंच लागलं नाही. कोऱ्या सदऱ्यावर दहाही बोटं स्वच्छ उमटली होती.